सांधलेला तंबोरा

"या भोपळ्याला तडा गेला होता, तो सांधलाय. हेही लिही," अण्णा म्हणाले.

कावेरीने कपाळाला हात लावला. मिरजेतल्या त्यांच्या दुकानाची वेबसाइट ती महिनाभर खपून करत होती. सात तंबोरे, सात झकास फोटो. "अण्णा, आपल्याच मालातली खोट सांगून कुणी विकतं का?"

"समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला मी सांगतोच की! मग तिथं का लपवायचं?"

तिने धुसफुसत लिहिलं. चौथ्याच दिवशी इंदूरहून एका गायिकेचा फोन आला. "तो सांधलेलाच द्या. जो तडा लपवत नाही, तो सुरात काय फसवणार?"

फोन ठेवताच कावेरी वही घेऊन अण्णांपुढे बसली. "आता बाकीच्या सहांत काय काय खोट आहे, सांगा बरं!"

अण्णा ओशाळले. "त्यांत एकही नाही गं."