डाव्या काठाची तीन बटणं

"तिसऱ्यांदा येतेय मी," टंकलेखिकेनं लॅपटॉप काउंटरवर ठेवला. "आधी साफ करून दिलात, मग अख्खा कीबोर्ड नवा बसवलात. आणि आज पुन्हा तीच तीन बटणं. क्यू, ए, झेड. अक्षरं उमटतच नाहीत."

दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉप उघडून तिन्ही बटणं दाबून पाहिली. तिन्ही अक्षरं पडद्यावर आली. त्यानं पुन्हा दाबली, आधी हलकेच, मग जोरात. पुन्हा आली.

"माझ्या हाताखाली तर चालतायत, ताई."

"तुमच्या हाताखाली सगळंच चालतं. घरी नेलं की बंद!" तिचा आवाज चढला. "सोमवारी ऑफिसात आमची टायपिंगची परीक्षा आहे. आपापला लॅपटॉप घेऊन या म्हणालेत. नापास झाले, तर खाली तळघरात फायलींचे गठ्ठे बांधायला बसवतील मला. अठ्ठावीस वर्षं टाईप करतेय मी. बटणांकडे बघावं लागलं नाही कधी."

"तिचा हातच जड आहे हो," मागच्या स्टुलावर मांडीवर हेल्मेट घेऊन बसलेला तिचा नवरा म्हणाला. "बटणं बिचारी काय करणार? मला विचारा."

"तुम्ही गप्प बसा."

"बसतो. काल कप फोडलास तेव्हाही गप्पच बसलो होतो. मागच्या आठवड्यात दोन फोडलेस तेव्हाही. आणि वर मलाच म्हणते, कपच निसरडे आणलेत तुम्ही."

दुरुस्तीवाल्यानं पहिल्या स्क्रूवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला होता. तो तसाच थांबला.

"कोणत्या हातातून पडले?"

"काय?"

"कप."

"आता कपांचं काय मध्येच?" ती म्हणाली. "तुम्ही लॅपटॉपचं बघा."

त्यानं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. पडद्यावर कीबोर्डचं चित्र आणलं. सगळे चौकोन करडे होते. जे बटण दाबलं जाईल, त्याचा चौकोन हिरवा व्हायचा आणि हिरवाच राहायचा. त्यानं लॅपटॉप तिच्याकडे फिरवला.

"एकदा तुम्हीच टाईप करून दाखवा. नेहमी करता तसं. सगळी अक्षरं."

ती उभ्यानंच सरसावली. पाठ ताठ झाली, दहाही बोटं आपापल्या जागी गेली, नजर समोरच्या भिंतीवर. आणि बोटं धावायला लागली. बघता बघता चौकोन हिरवे होत गेले. इतकं देखणं टायपिंग त्यानं दुकानात कधी पाहिलं नव्हतं. नवराही मान उंचावून बघत होता.

बोटं थांबली आणि आपापल्या जागी परत आली. डाव्या काठाचे तीन चौकोन करडेच राहिले होते.

"बघितलंत?" ती म्हणाली. जिंकल्यासारखी. "बंद आहेत."

दुरुस्तीवाला पडद्याकडे बघतच नव्हता. तो तिच्या डाव्या करंगळीकडे बघत होता. ती तिन्ही बटणं त्या एकाच बोटाच्या वाट्याची. करंगळी क्यूपर्यंत गेली होती, झेडपर्यंतही गेली होती. बरोबर मधोमध टेकली होती. बटण तेवढं खाली गेलं नव्हतं.

तीन आठवडे त्याला चैन नव्हतं. आपलं काम चोख आहे, हे या बाईंना एकदा दाखवून द्यायचंच, असं तो रोज ठरवत होता. आता दाखवायला काहीच लागत नव्हतं. त्यानं हात पुढे केला आणि क्यू दाबलं. चौकोन हिरवा झाला. झेड दाबलं. तोही हिरवा झाला. ए त्याला दाबता आलं नाही. तिथे अजून तिची करंगळी होती.

त्यानं फडकं घेऊन हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले.

"ताई, लॅपटॉप राहू दे इथे," तो म्हणाला. "तुम्ही आधी डॉक्टरकडे जाऊन या. आजच. इथूनच जा."

"म्हणजे तुम्हाला दुरुस्त करता येत नाही. तसं सरळ सांगा ना."

त्यानं फडक्याची घडी घातली.

"हो. मला नाही येत."

नवरा उठून उभा राहिला. हेल्मेट मांडीवरून पडून काउंटरखाली घरंगळत गेलं. त्यानं तिकडे पाहिलंही नाही.

"अगं..." तो म्हणाला.

"थांबा हो! तुमची आपली सारखी घाई."

तिनं उजव्या हाताच्या चिमटीत आपली डावी करंगळी धरली. एच्या बटणावर ती नीट मधोमध टेकवली आणि वरून दाबली.

चौकोन हिरवा झाला.

"चालतंय की," ती म्हणाली. करंगळी तिनं सोडली नव्हती.