दोरखंडाची दोन टोकं

जावईबापूंची नवी एसयूव्ही ओढ्याच्या चिखलात रुतली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. सकाळपासून त्या गाडीचं कौतुक ऐकवून त्यांनी माझं डोकं उठवलं होतं. स्क्रीन केवढा, छत उघडतं कसं, सीट गार कशी होते!

मी घरून माझी म्हातारी जीप आणली. तिचं दार सुतळीनं बांधलंय, पण चिखलाला ती भीत नाही. दोरखंड बांधला, मिशीला पीळ दिला आणि एसयूव्हीत मागे बसलेल्या बायकोला म्हणालो, "उतर त्या डबड्यातून. आपल्या गाडीत बस."

लग्नापासून ती माझ्या जीपमध्ये रेडिएटरच्या पाण्याचा कॅन मांडीवर घेऊन बसत आलीय. तिनं काच चार बोटं खाली केली.

"तुम्ही ओढा हो. फक्त गचके देऊ नका, आत्ता कुठे डोळा लागत होता."