व्हय म्हाराजा

तारकर्लीच्या देवळात गाऱ्हाणं घातलं की "व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्यांत सगळ्यांत मोठा आवाज दाजींचा. यकृताचा चांगला भाग वाढावा म्हणून आजारी भागाची रक्तवाहिनी बंद करून महिना झाला होता. चांगला भाग पुरेसा वाढला का, हे बघायला त्यांना सिटी स्कॅनला झोपवलं.

यंत्रातून आवाज आला, "श्वास रोखून धरा."

"व्हय म्हाराजा," दाजी सवयीनं बोलले आणि फोटो हलला. दोनदा.

"माका श्वास धरूक जमता ओ, तोंड धरूक जमणा नाय," ते स्वतःलाच हसले. तिसऱ्यांदा जमलं.

दुपारी डॉक्टर म्हणाले, "चांगला भाग छान वाढलाय. सोमवारी आजारी भाग काढायचं ऑपरेशन करूया ना?"



दाजींनी कुणी न सांगता श्वास रोखून धरला.