हात लावायचा नाही

"हात लावायचा नाही, मामा. काय वाट्टेल ते झालं तरी."

"किती वेळा सांगशील?" साकेलारिस म्हणाला. "लग्नात पाद्रीबुवांनी एकदाच विचारलं होतं. तेवढ्यावर अख्खा संसार काढला मी."

"काढलास तो माझ्या जिवावर!" शेजारच्या नावेतून त्याची बायको थेमेलिना ओरडली. "आणि लवकर वर आण पोरीला. कोकरू भट्टीत आहे माझं."

ग्रीसमधल्या कालिम्नोस बेटाच्या नावा गोल धरून उभ्या होत्या. मधल्या नावेच्या काठावर नोमिकी उभी होती. अंगात पोहण्याचा साधा पोशाख, नाकाला चिमटा. पुढे धरलेल्या हातांत पाट्यासारखा चपटा संगमरवरी दगड, दगडाला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक साकेलारिसमामाच्या हातात.

एका श्वासात खोल जाणारे सगळ्या तऱ्हांचे पाणबुडे या आठवड्यात बंदरात जमले होते. कुणी पायांना लांब पंख लावून उतरत, कुणी नुसत्या हातापायांच्या जोरावर, कुणी वजनाच्या गाडीला धरून. प्रत्येक तऱ्हेचा विक्रम निराळा. नोमिकीची तऱ्हा सगळ्यांत जुनी. स्पंज काढणारे तिचे खापरपणजे असेच दगड धरून उतरत आणि वरचा माणूस त्यांना ओढून घेई. गेल्या वर्षी या तऱ्हेचा जागतिक विक्रम एका इटालियन बाईने नेला होता, आणि ते साऱ्या बेटाच्या जिव्हारी लागलं होतं. नोमिकी आज तिच्यापेक्षा एक मीटर खाली जाणार होती.

पंचबाईंनी नियम पुन्हा वाचून दाखवले. ठरल्या खोलीवर टांगलेल्या ताटलीवरचा बिल्ला घेऊन यायचं. वर आल्यावर चिमटा काढायचा, हाताने खूण करायची आणि 'मी ठीक आहे' असं म्हणायचं. तोवर कुणी तिला बोट जरी लावलं तरी बुडी बाद.

"आमच्या वेळी वर आला तो जिंकला," साकेलारिस पुटपुटला.

"आता वर येऊन तसं सांगावंही लागतं." नोमिकी हसली. मग तिने डोळे मिटले, छाती भरून घेतली आणि दगडापाठोपाठ ती पाण्यात गेली.

दोरी सळसळत साकेलारिसच्या तळव्यांतून धावू लागली. धावत राहिली. मग थांबली. दगड ताटलीला टेकला होता.

आता खालून एक झटका यायला हवा. त्याआधी ओढलं, तर बिल्ला हाती लागायच्या आतच ती वर निघणार.

झटका येईना.

पाण्यात तयारीत असलेल्या रक्षकाने डोकं वर काढून साकेलारिसकडे पाहिलं.

"ओढणार का?" पंचबाईंनी विचारलं.

"दोरी अजून काही बोलली नाही."

त्याचा आवाज शांत होता. पण मानेवरची शीर टरारून फुगली होती.

आणि झटका आला. साकेलारिस हातावर हात टाकत ओढू लागला. ओली दोरी पायांशी साचत गेली. पाठ मोडून आली तरी त्याने वेग सोडला नाही. पाण्यात आधी एक फिकट डाग दिसला, मग खांदे, मग नोमिकीचं डोकं फटकन वर आलं.

तिने श्वास घेतला. आणखी एक घेतला. ओठ पिकल्या तुतीसारखे झाले होते. डाव्या मुठीत बिल्ला चमकत होता. नावांतून आरोळी उठू पाहत होती, पण सगळ्यांनी ती दातांखाली धरली. नोमिकीने चिमटा काढला. बोटं जुळवून खूण केली. आता फक्त बोलायचं उरलं होतं.

तिने तोंड उघडलं. नजर साकेलारिसवर होती, ती त्याच्या पलीकडे कुठेतरी गेली. हनुवटी पाण्याला टेकली. रक्षक हातभर अंतरावर होता, दोन्ही पंजे उघडे ठेवून, पण शिवत नव्हता.

साकेलारिसचा हात पुढे गेला. त्याने तिचा दंड धरला आणि तिला नावेच्या अंगाला ओढून घेतलं.

"मी ठीक आहे!" नोमिकी किंचाळली. खणखणीत, पलीकडच्या खडकावर घुमेल असं.

पंचबाईंनी लाल कार्ड वर केलं.

"म्हाताऱ्याने घात केला!" कुणीतरी ओरडलं.

"तोंड सांभाळ रे!" थेमेलिना कडाडली.

नावेत चढलेल्या डॉक्टरांनी नोमिकीचे डोळे पाहिले, नाडी पाहिली, छातीला नळी लावली. काहीही झालेलं नव्हतं.

नोमिकीचे दात वाजत होते, थंडीने की रागाने कोण जाणे. "शब्द तोंडात होता माझ्या, मामा. म्हणणारच होते मी!"

"असेल."

"असेल काय? होता!"

"तुझा बापही वर येऊन बोलायला लागला होता," साकेलारिस म्हणाला. "अर्धंच ऐकलं मी. उरलेलं त्याच्याबरोबर तळाला गेलं."

नावेला लाटा चापट्या मारत राहिल्या. पंचबाई खाकरल्या. "उद्या सकाळी आणखी एक संधी आहे. दोरीवर दुसरा माणूस हवा असेल, तर आत्ताच सांगावं लागेल."

साकेलारिस पायांशी पडलेली दोरी गुंडाळू लागला. मान त्याने वर केली नाही.

नोमिकीने दंडाकडे पाहिलं. चार नखांच्या खुणा उमटल्या होत्या. एका खुणेतून रक्त येत होतं. तिने त्यावर समुद्राचं पाणी मारलं आणि चरचरलं तसा ओठ चावला.

"उद्या येताना नखं कापून ये, मामा," ती म्हणाली.