गच्चीवरची गादी

आमचे हे हवामान खात्यात आहेत. "किनाऱ्यावर उन्हाळ्याचे शेवटचे आठवडे कोरडेच जातील," असं यांनी रेडिओवर ठणकावून सांगितलं. गावाचा भरवसा मात्र आमच्या गच्चीवरच्या गादीवर. मी ती उन्हातून उचलली, की पाऊस येणारच. परवा भाऊ मुक्कामाला येणार म्हणून गादी दुपारीच आत आणली. लगेच कोळ्यांनी होड्या वर ओढल्या, समुद्रकाठच्या छत्र्या मिटल्या, हॉटेलातल्या पाहुण्यांनी सामान आवरलं. साहेबांनी यांना झापलं. हे धापा टाकत घरी आले. "अगं, गादी बाहेर टाक आधी." मी म्हटलं, "जरा आभाळ बघा." "आभाळाचं मी बघतो. तू गादीचं बघ." मी ती निमूटपणे पसरली. गाव समुद्रावर परतलं, आणि धो धो पाऊस कोसळला. यांना कुणी काही बोललं नाही. मला मात्र सगळे ऐकवतात, "वहिनी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."