पाच मिनिटं

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: सुट्टीची दुपार, जेवणाचं टेबल, त्यावर लॅपटॉप आणि लॅपटॉपमागे आई. मुलगी सापशिडीचा पट मांडून सकाळपासून ताटकळली होती. विचारलं की आई मान वर न करता नुसता पंजा दाखवायची. पाच मिनिटं!

शेवटी मुलगी फणकारली, “तुझी पाच मिनिटं म्हणजे मारुतीचं शेपूट!”

आई हसली. “सुट्टीतही जो थांबला तो संपला, म्हणतात आमचे साहेब. खड्ड्यात गेले साहेब!” तिने खाडकन लॅपटॉप मिटला आणि ती पटाशी येऊन बसली. “टाक दान, बाळा.”

मुलीने फासा उचलला, आणि तिची नजर कपाटाच्या आरशात गेली. आरशात लॅपटॉप उघडाच होता. आरशातली आई टेबलावर वाकून भराभर टाइप करत होती. आरशातल्या पटाशी मुलगी एकटीच होती.

मुलगी आरशाजवळ गेली. “आई?”

आरशातल्या आईने मान वर केली नाही. नुसता पंजा दाखवला.

“अगं, ये ना, तुझाच डाव आहे!” मागून आईची हाक आली.

मुलीने वळून पाहिलं नाही. फासा मुठीत धरून ती आरशापुढे मांडी घालून वाट पाहत बसली.