नऊ भोकं

डेल्बर्ट कूंझचा निशाणाचा कागद लोरेनच्या हातात आला तेव्हा तो अजून थंड होता. नेमबाजी क्लबची रेंज होती त्या जुन्या दगडाच्या खाणीत ऑक्टोबरात ऊन अकराच्या आधी उतरत नसे.

आपला कागद आपण मोजायचा नाही, शेजारच्याने मोजायचा, हा क्लबचा जुना नियम. शेजारी कोण, ते सकाळी चिठ्ठ्या टाकून ठरे. आजची चिठ्ठी उघडल्यावर लोरेनने मान खाली घातली होती, कुणाला चेहरा दिसू नये म्हणून. आठ महिने ती याच चिठ्ठीची वाट बघत होती.

"नीट मोज गं बाई," रेंज सांभाळणारी बेव्ह कॉफी ओतत म्हणाली. "म्हातारा एकेका गुणासाठी रडतो."

"मी भांडतो," डेल्बर्ट म्हणाला. "रडायचा तो स्टश." मग समोर कोण उभं आहे ते त्याच्या लक्षात आलं. "माफ कर, पोरी. सवयीने बोललो."

लोरेन हसली.

स्टश कोवाल म्हणजे तिचे वडील. फेब्रुवारीत गेले. त्याआधीची दहा वर्षं त्यांनी या खाणीत पाऊल टाकलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी, आजच्याच या वार्षिक चषकाच्या दिवशी, त्यांचा कागद डेल्बर्टने मोजला होता. चषकाला दहा-दहा गोळ्यांचे तीन कागद, त्यातला हा शेवटचा. डेल्बर्टने भिंग लावून तो दोनदा पाहिला आणि म्हणाला, भोकं नऊच आहेत. वडील म्हणाले, दोन गोळ्या एकाच भोकातून गेल्यात. चांगल्या नेमबाजाच्या हातून असं कधीमधी होतं. डेल्बर्टने नकारार्थी मान हलवली. कागदावर जेवढं आहे तेवढंच मोजता येतं, स्टश. चषक डेल्बर्टच्या घरी गेला.

हे सगळं लोरेनला पाठ होतं, कारण रविवारच्या जेवणात कोबी-शेवयांची वाटी फिरत असताना वडील ते पुन्हा पुन्हा सांगत. ते त्या दिवशीच क्लब सोडून आले. संध्याकाळी स्वयंपाकघरात, त्या सकाळीच फोडलेली काडतुसांची डबी उघडून बराच वेळ बसले. मग म्हणाले, "लोरेन, चिकटपट्टी आण." डबीला तीन वेढे घालून त्यांनी ती फडताळावर सर्वांत वर ठेवली. ती पुन्हा कुणी उघडली नाही. वडिलांनी पिस्तूलही बाहेर काढलं नाही. शेवटी शेवटी इस्पितळात, बोलणं तुटक झालं तरी, डेल्बर्टचं नाव नीट यायचं.

त्यांच्या पश्चात लोरेन त्यांचंच पिस्तूल घेऊन क्लबात आली. घरी रोज अर्धा तास ती रिकामं पिस्तूल एका हातात धरून भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर नेम धरून उभी राही. त्या ठिपक्याला तिने नाव दिलं होतं. दर गुरुवारी पन्नासची नवी डबी फोडायची, चषकाला असतात तशा तीस गोळ्या झाडायच्या, उरलेल्या वीस घरी आणायच्या. उन्हाळा संपेपर्यंत क्लबात तिच्यापुढे एकच जण उरला.

आता तिने डेल्बर्टच्या कागदावर भिंग धरलं.

भोकं नऊ होती. पण एकाची कड जराशी लांबट होती आणि तिच्याभोवती, गोळी जाताना उमटवते ती राखाडी वलयं दोन होती. तिने मघाशी त्याच्या मागे उभं राहून आवाजही मोजले होते. पाच, आणि पुन्हा पाच.

एवढं सरळ हातात येईल असं तिला वाटलं नव्हतं.

"नऊ," ती म्हणाली.

डेल्बर्टने कागद घेतला. त्याचा हात थरथरत होता. हल्ली पिस्तूल धरलेलं नसलं की तो थरथरायचाच. डॉक्टरांनी त्याला नेमबाजीचं हे शेवटचं वर्ष म्हणून सांगितलं होतं, आणि हे त्याने अख्ख्या क्लबला सांगितलं होतं. तो त्या लांबट भोकाकडे पाहत राहिला.

"ही जोडी आहे, लोरेन."

"कागदावर जेवढं आहे तेवढंच मोजता येतं, मिस्टर कूंझ."

त्याने मान वर केली. ते शब्द त्याने ओळखले, हे तिला दिसलं. तेवढं दिसावं म्हणूनच ती आठ महिने जगली होती.

"बेव्हला बोलवायचं का?" तिने विचारलं.

त्याने आपली डबी उघडली, एकेका काडतुसावर बोट ठेवत पुटपुटत मोजलं, आणि डबी तिच्यासमोर धरली. "सकाळी पन्नासची फोडली. वीस आहेत."

"डबीतलं काय, एखादं खिशातही टाकता येतं."

त्याने कागदाखाली सही केली. सही वेडीवाकडी आली. "मोजणाऱ्याचं मोजणं शेवटचं," तो म्हणाला, "हेच मी तुझ्या बापालाही म्हणालो होतो." मग पिस्तूल पेटीत ठेवून, कुणाचा निरोप न घेता, गाडीकडे चालत गेला. चार गुणांनी चषक लोरेनला मिळाला. बेव्हने तिला मिठी मारली आणि म्हाताऱ्याला आज झालं तरी काय म्हणून विचारलं.

घरी पोचली तेव्हा स्वयंपाकघरात ऊन आलं होतं. तिने चषक टेबलावर वडिलांच्या खुर्चीसमोर ठेवला. मग स्टुलावर चढून डबी खाली काढली. तिने केव्हाच ठरवलं होतं: हिशेब फिटला की पुढच्या गुरुवारी वडिलांच्याच गोळ्या झाडायच्या. ज्या त्यांना पुन्हा झाडता आल्या नाहीत, त्या.

चिकटपट्टी वाळून पिवळी पडली होती. तिने सुरीने ती कापली आणि पिस्तुलाची पाच-पाच गोळ्यांची चारही मॅगझिन पुढ्यात ओळीने मांडली. वडिलांनी शिकवलं होतं तशी, घाई न करता, ती एकेक भरत गेली.

पाच. पाच. पाच. पाच.

डबीत एक काडतूस उरलं होतं.